डाग आढीत पडत नाही

नौपाड्यातल्या ज्या फळवाल्याकडून मी गेली कित्येक वर्षं आंबे घेते, तो मला लांबून येताना बघितलं की पेटीतला वरचा थर स्वतःच उचलून बाजूला ठेवतो. "बघा मॅडम, खालचेच बघा. वरचे तुम्ही कुठे बघणार!" मी देठापाशी नाक नेते, खांदा अंगठ्याने हळूच दाबते, चष्मा कपाळावर सारून साल निरखते. मागे रांग लागते. एकदा एक बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, आंबा घ्यायचाय की जावई बघायचाय?" मी म्हटलं, "जावयाला करपा होत नाही, म्हणून तो पटकन ठरला."

संशय हा माझा पगारी धंदा होता. शेतकी खात्यात झाडांचे रोग ओळखायचं काम मी जन्मभर केलं. खोपटच्या डेपोत एस.टी.तून उतरलेली माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजलेली पानं नाहीतर सडकं फळ घेऊन आमच्या हपिसात यायची. माणसांच्या डॉक्टरांशी निदान रोगी बोलतो तरी. माझा रोगी मुका, बोलायचे ते नातेवाईक, आणि नातेवाईक सर्रास खोटं बोलतात. "काही म्हणजे काही मारलं नाही हो मॅडम," म्हणणाऱ्याच्या पानाला औषधाचा असा भपकारा यायचा की खिडकी उघडावी लागे. आमचे हे म्हणतात, तू पोलिसात हवी होतीस. मी म्हणते, पोलिसांना कबुलीजबाब तरी मिळतात.

ज्यांचा शेतीशी संबंध फोडणीपुरता आहे, त्यांच्यासाठी करपा म्हणजे काय ते सांगते. ही एक बुरशी. आंबा, पपई, मिरची, डाळिंब, घेवड्याची शेंग, कुणाचंच तिला वावडं नाही. झाडावरच्या वाळक्या काटक्यांवर ती मुक्काम ठोकून असते. पाण्याच्या थेंबाबरोबर खाली उतरते आणि ओल टिकली की मोहोरात, कोवळ्या फळात शिरते. मोहोर काळा पडून गळतो तेव्हा निदान कळतं तरी. पण खरा हलकटपणा पुढे आहे. सुपारीएवढ्या कैरीत शिरून हा रोग चक्क गप्प बसतो. हिरव्या सालीत त्याला वाढू न देणारी द्रव्यं असतात. आंबा पिकायला लागला की ती ओसरतात आणि मग हा जागा होतो. झाडावरून उतरवताना आंबा बघावा तर देखणा, निष्कलंक. चारआठ दिवसांत त्यावर काळे, खोलगट डाग. म्हणजे घात होतो मोहोरात आणि दिसतो पेटीत. त्यामुळे बोल लागतो तो ज्याच्या हाती आंबा पिकला त्याला. विकणाऱ्याला, टेम्पोवाल्याला, घरातल्या बाईला.

आणि माणसाला एकदा माणसाचा संशय आला की बुरशीची गोष्ट त्याच्या गळी उतरत नाही. डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गच्चीवरच्या पपईला डाग पडले. शेजारी अ‍ॅसिड टाकतो म्हणून त्यांनी तिथे कॅमेरा बसवला. महिनाभर कॅमेऱ्यात फक्त मांजरं आली. मी जाऊन बघितलं, तर गळलेल्या सडक्या पपया हे गृहस्थ खत म्हणून त्याच झाडाच्या बुंध्याशी टाकत होते. रोग घरचाच, जेवणही घरचंच. सगळं समजावल्यावर म्हणाले, "पटलं मॅडम. पण तरी तो माणूस बरा नाही."

या गोष्टीवर आम्ही घरी खूप हसलो. हिराबाईंच्या वेळी मात्र हसू आलं नाही.

हिराबाई म्हात्रे म्हणजे डोंबिवलीपलीकडच्या खाडीकाठच्या गावच्या. नोकरीत असताना त्यांच्या मिरचीच्या निमित्ताने ओळख झालेली. तेव्हा तिथे भाताची शेतं होती, आता टॉवर आहेत. मुलगा दीपक बांधकामांना टँकरने पाणी पुरवतो. घरामागची आंब्याची वाडी मात्र हिराबाईंनी कुणाला विकू दिली नाही. दोन वर्षांपूर्वी, अक्षय्य तृतीया नुकतीच झालेली, भर दुपारी त्या नौपाड्यात माझ्या दारात उभ्या. गळ्यात सोनं, हातात कापडी पिशवी. पाणीसुद्धा न घेता त्यांनी पिशवी टीपॉयवर रिकामी केली.

"मॅडम, या आंब्यांवर काय टाकलाय ता सांगा मना."

काळे डाग, आणि देठापासून खाली आलेले काळे ओघळ. एका नजरेत मला कळलं होतं. पण सवयीप्रमाणे आधी विचारलं, "कुणी टाकलं असं वाटतं तुम्हाला?"

"वाटतंय कशाला? सुनंनं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या घरची रीत अशी की मोसमातली पहिली आढी नव्या सुनेने लावायची. आढी म्हणजे अंधाऱ्या खोलीत भाताचा पेंढा पसरून त्यावर देठ खाली करून आंबे, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे. न्हाऊनधुऊन आत जायचं, दार लावून घ्यायचं, दुसऱ्या कुणी फिरकायचं नाही. अक्षय्य तृतीयेला आढी उघडून पहिला आंबा पितरांच्या पानावर ठेवायचा, मगच घरादाराने तोंडाला लावायचा. सुचिता सून म्हणून आली त्या साली आढी डागाळली. या खेपेला तर निम्म्याहून जास्त आंबे काळे.

"पयल्या साली बोललू, जाऊ दे, नवीन हाय. पन पितरांच्या पानावर काला आंबा ठेवू मी? कावला शिवलेला तिला, तरी आत गेली. नायतर मुद्दाम काय तरी टाकलान."

कावळा शिवणं म्हणजे पाळी येणं, हे आताच्या मुलींना सांगावं लागतं. सुचिताने नाही म्हणून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. तिला कळव्याला माहेरी धाडून दिलं. खरं बोलशील तेव्हा ये, म्हणून.

"आणि दीपक?"

"तो काय बोलंल? टँकर बघतो तो." मग जरा पुढे सरकून म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या. तुमी एकदा बोललात का हातचा दोष हाय, मंग माजा जीव मोकला. ती पोर परत या उंबऱ्यात येनार नाय."

म्हणजे मी आंब्याचं निदान करायचं आणि त्यावर एका मुलीचा संसार मोडायचा! माझं डोकंच सणकलं. "हिराबाई, हा करपा आहे. झाडावरूनच आलाय. सुनेचा काही संबंध नाही," असं मी तिथल्या तिथे ठणकावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू सुनेने आधीच येऊन मला फितवलंय.

"आमच्या झाडाला करपा? येऊन बगा, पान कसा चकचकीत हाय!"

"फवारता काय?"

"काय नाय. औषधाचा थेंब लावत नाय आमी."

हे मला खरं वाटलं नाही. काही नाही म्हणणारे मी फार बघितलेत.

एकाच नातेवाइकाचं ऐकून निदान करायचं नाही, हा माझा शिरस्ता. म्हणून आधी कळव्याला गेले. सुचिताची आई शिवणकाम करते. मशीन बंद करून ती बाई बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. सुचिता समोर बसली. सडपातळ, नजर न चुकवणारी मुलगी. तिच्या माहेरचं मूळ गाव रत्नागिरीकडचं, त्यामुळे आढी कशी लावायची ते तिला लहानपणापासून ठाऊक. पेंढा कोरडा होता? होता. आंबे देठासकट होते? होते. आपटले, पडले? नाही. कार्बाईडची पुडी? "मॅडम, वासावरून कळलं असतं ना तुम्हाला." पोरगी हुशार होती.

मग मी चाचरत मुद्द्यावर आले. "त्या दिवशी तू..."

"बाजूला होते का, पाळी आलेली का, असंच ना?" ती म्हणाली. "मॅडम, मी बाजूला असणं शक्यच नव्हतं. मला दिवस गेलेले."

"आणि घरी कुणाला सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"तेव्हा मलाच जेमतेम कळलेलं. दीपकलासुद्धा बोलले नव्हते. म्हटलं, सणाच्या दिवशी आढी उघडली की सगळ्यांसमोर सांगेन. आढी उघडली आणि मग माझंच उघडं करायला निघाले सगळे."

"अगं मग सांग ना! एक वाक्य बोललीस तर सगळं इथल्या इथे मिटेल."

"मिटेल ना. फळांची पाटी घेऊन न्यायला येतील. पण मग मी घरात कुणामुळे गेले? पोटातल्यामुळे. माझा शब्द खोटाच राहिला. आणि पुढच्या साली डाग पडले की?" तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आधी आंब्याचं सिद्ध होऊ दे. तोवर तुम्ही कुणाला बोलायचं नाही. माझी शपथ आहे."

परत येताना रिक्षात माझ्या मनात आलंच, खरं बोलत असेल ना ही? लाज वाटते लिहायला, पण आलं. जन्माची खोड. शपथेतलं तेवढं वगळून घरी ह्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, "तू आणि हिराबाई एका माळेचे मणी आहात." मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

वाडी बघायला गेले तेव्हा उन्हाचा कहर होता. रस्त्यापलीकडे टॉवरचं काम चाललेलं, सिमेंटची धूळ नुसती उधळत होती. कुंपणावरची बोगनवेल राखाडी, हिराबाईंच्या दारातली तुळससुद्धा राखाडी. आणि मागच्या वाडीतल्या आंब्याचं पान न् पान आरशासारखं लख्ख. हिराबाई अभिमानाने बघत होत्या. मी मात्र जागीच थबकले. पावसाचा पत्ता नाही, मग या झाडांवरची धूळ गेली कुठे? खाली बघितलं तर सगळीकडे भेगाळलेली जमीन, आणि झाडांखाली तेवढं हिरवंगार गवत. खोडांवर पुरुषभर उंचीपर्यंत शेवाळ. मे महिन्यात शेवाळ!

"हिराबाई, यांना पाणी वरून मारता?"

"मंग! न्हाऊ घालतंय मी. टँकर संध्याकाली घरी येतो, तलाला पानी उरलेला असतो. पाइप लावून पोराला सांगतंय, सगली धूल उतरव. मोहोरावर बसली तर मोहोर गुदमरंल ना बाय."

"मोहोरावरसुद्धा?"

"रोज संध्याकाली. लेकरासारखा करतंय."

"कधीपासून?"

"टॉवरचा काम लागला तवापासून. दीपकच्या लग्नाच्या सालीच लागला."

घ्या! सून घरात आली त्याच साली पाइपही वाडीत आला. दोघांपैकी संशय एकीवरच आला, कारण पाइपाला पाळी येत नाही. मला हसावं की रडावं कळेना. "काही फवारत नाही" हे त्यांनी मला खरंच सांगितलं होतं. पाण्याला कोण फवारणी म्हणतं?

मी त्यांना वरच्या वाळक्या काटक्या दाखवल्या. रोग तिथे बसलेला. रोज संध्याकाळी तुम्ही त्यावर पाणी मारता, ते थेंब रोग घेऊन मोहोरावर उतरतात. पुढे रात्र, ऊन नाही, मोहोर सकाळपर्यंत ओला. रोगाला आणखी काय हवं? ते काळे ओघळ त्या थेंबांच्याच वाटा. हिराबाई ऐकता ऐकता ताठ होत गेल्या.

"म्हंजे मी केला?"

"करपा बुरशीने केला. तुमच्या पाण्याने त्याला वाट दिली."

"पान्यानं कुठं आंबा सडतंय? माजं झाड मी मारीन?" त्यांचा आवाज फाटला. या बाईने बिल्डरला हाकलून ती झाडं राखली होती. तिला हे सांगणं मला सोपं गेलं नाही. पण कळव्यात ती पोर दिवस मोजत बसली होती, आणि तिचं पोट काही आंब्याच्या निकालासाठी थांबणार नव्हतं.

म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः आढी लावा. झाडावर अजून फळ आहे. तुमच्या हाताने उतरवा, तुमच्या हाताने लावा, किल्ली कमरेला. थोडे मी नेते. त्यातले निम्मे गरम पाण्यात बुडवून ठेवीन, निम्मे तसेच."

कमरेला किल्ली म्हटल्यावर त्या तयार झाल्या. पण मला दिलेल्या प्रत्येक आंब्याच्या देठाला त्यांनी लाल दोरा बांधला. "बदली नाय जाला पायजे," म्हणाल्या. मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर बाईबद्दल आदरच वाटला.

गरम पाण्याचा उपाय सोपा वाटतो, पण तो तंत्राने करावा लागतो. पाणी बावन्न अंशांच्या आसपास हवं. त्याहून थंड असेल तर रोग मजेत राहतो, जास्त तापलं तर आंबा उकडतो आणि मग त्याचं पन्हंच करायचं. ह्यांनी थर्मामीटर धरला, मी घड्याळ. "निवृत्तीनंतर बायकोबरोबर आंब्यांना अंघोळ घालीन असं वाटलं नव्हतं," हे आपले बडबडत होते. मग आंबे पुसून, सावलीत सुकवून पेंढ्यात ठेवले. दोन ढीग, मध्ये रिकामी जागा.

पिकत आल्यावर बघितलं. गरम पाण्यातले पिवळेधमक, चुकार एखादा ठिपका. तसेच ठेवलेले सगळे डागाळलेले. त्या खोलीत हे आणि मी सोडून कुणी पाऊल टाकलं नव्हतं, आणि आम्हा दोघांना कावळा शिवायचं वय केव्हाच मागे पडलेलं. मी फोन करणार तेवढ्यात हिराबाईंचाच आला.

"मॅडम, माज्या आढीत बी पडलं," एवढंच बोलल्या. मग म्हणाल्या, "कलव्याला याल माज्याबरोबर?"

गेलो. हिराबाईंनी पाटीत स्वतःच्या आढीतले काळे आंबे भरून आणलेले. सुचिताच्या पुढ्यात पाटी ठेवली आणि उभ्याउभ्याच बोलल्या, "पोरी, यो बग. माज्या हातचा हाय. चल घरी."

ही त्यांची माफी. याहून लांब माफी त्या बाईला येत नव्हती.

सुचिताने एक आंबा उचलून उलटासुलटा बघितला. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, आता सांगते. मला तिसरा सरत आलाय."

हिराबाईंची बोटं आपोआप पेरांवर चालायला लागली. मागे, मागे, आणि एका पेरावर थांबली.

"मंग आढी लावलीस तवा..."

"हो."

"मंग तवाच का नाय बोललीस गो?"

"तुम्ही विचारलंतच कुठे, आई? तुम्ही सांगितलंत."

सुचिताच्या आईने चहा आणला, तो तसाच निवला. शेवटी सुचिताच म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरीच करतात ना? आता आलेच आहे, तर ते आटपूनच येईन." आवाज चढा नाही की काही नाही. रीतीवर बोट ठेवून तिने सासूला असं बसवलं की हिराबाईंना हूं की चूं करता येईना. त्यानंतर दर आठवड्याला खाडीचे निवटे मासे घेऊन त्या कळव्याचे जिने चढत राहिल्या. दीपकही यायला लागला. तोंड उघडायला शिकला की नाही, मला माहीत नाही.

मुलगी झाली. सुचिता ठरल्या शब्दाप्रमाणे घरी गेली. वाडीतल्या वाळक्या काटक्या छाटून जाळल्या, दाटी कमी करून आत वारा खेळवला. मोहोराआधी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारलं, आणि मुख्य म्हणजे पाइप बंद केला. धुळीने पानं राखाडी झाली की हिराबाईंचा जीव अजून तुटतो. अवकाळी पाऊस झाला की करपा अजून येतोच. तो जातो असं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

यंदा पहिल्या आढीच्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. ड्रममधलं पाणी सुचिताने थर्मामीटर लावून तापवलेलं. आंबे पुसून टोपलीत तयार. ओसरीवर हिराबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शेजारी मी. सुचिता खोलीत गेली. दार या वेळी सताड उघडं. आतून पेंढ्याची सळसळ येत होती.

मग आतूनच तिचा आवाज आला, अगदी सहज, मीठ संपलंय म्हणून सांगावं तसा. "आई, मी बाजूला आहे हां आज."

हिराबाईंचा नातीच्या पाठीवर थोपटणारा हात थांबला. पेंढ्याची सळसळही थांबली. ती खरंच बाजूला होती, की माझ्यासारखीच एक चाचणी लावून बसली होती, याचा मला आजतागायत संशय आहे. मी विचारलेलं नाही.

हिराबाईंनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हात पुन्हा थोपटायला लागला.

"मंग मना काय सांगतेस?" त्या खेकसल्या. "देठ खाली कर सगल्यांचं."